टाइट्सची वाट: कापड पुढे, नियम मागे

व्यायामाला अंगाबरोबर बसणारा कपडा हवा, ही गरज जुनीच. १८५९ साली पॅरिसमध्ये झुलत्या ट्रॅपीझचा, म्हणजे सर्कशीतल्या दांडीच्या झोक्याचा, खेळ पहिल्यांदा करून दाखवणारा कसरतपटू ज्यूल लेओतार विणलेला, घट्ट, एकसंध पोशाख घालायचा. कापड दोरात अडकू नये आणि हातपाय मोकळे राहावेत, एवढाच त्यामागचा हिशेब. अशा पोशाखाला लिओटार्ड हे नाव त्याच्यावरूनच पडलं.

अडचण होती ती कापडाची. लोकरीचा कपडा ताणला जायचा, पण ढगळा पडायचा. घामाने जड व्हायचा. रबर परत आकसायचं, पण ते जाड आणि उबणारं. या रबरालाच पर्याय शोधताना ड्यूपाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला. डोळ्यांपुढे होती स्त्रियांची अंतर्वस्त्रं. खेळाचं मैदान नव्हे. या धाग्याच्या रेणूंत मऊ आणि कडक भाग आलटून-पालटून असतात. मऊ भाग ताणला जातो आणि कडक भाग रेणूंच्या साखळ्या धरून ठेवतो, म्हणून ताण सुटताच धागा मूळ लांबीवर येतो. लायक्रा हे त्याचं व्यापारी नाव. नायलॉनमध्ये हा धागा थोडासा मिसळला तरी पुरतो. पुढे स्कीइंग करणारे, जलतरणपटू, सायकलपटू असे सगळे त्याकडे वळले.

१९८८ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर एकाच पायाची जांभळी टाइट्स घालून १०० मीटर १०.४९ सेकंदांत धावली. तो विश्वविक्रम आजही अबाधित आहे. अर्थात वेग तिच्या पायांत होता. दाब देणाऱ्या टाइट्समुळे वेग वाढतो याला भक्कम पुरावा नाही. व्यायामानंतरचं अंग दुखणं काही प्रमाणात कमी होतं, इतपत म्हणता येतं. मांड्या घासत नाहीत आणि हालचाल बिनधास्त होते, हा फायदा मला त्याहून मोठा वाटतो.

तरीही नियम करणाऱ्यांना हा कपडा पचायला फार वेळ लागला. १९८५ मध्ये विम्बल्डनला ॲन व्हाइट पूर्ण पांढऱ्या बॉडीसूटमध्ये उतरली. पाम श्रायव्हरविरुद्धचा सामना अंधारामुळे एक-एक सेटवर थांबला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचे कपडे घालून येण्यास तिला सांगण्यात आलं. विम्बल्डनच्या नियमाप्रमाणे रंग पांढराच असूनही! २०१८ मध्ये सेरेना विल्यम्सने फ्रेंच ओपनमध्ये काळा कॅटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख, घातला. बाळंतपणानंतर तिला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला होता आणि त्या दाबाची तिला गरज होती. तरी असे पोशाख यापुढे चालणार नाहीत, असं फ्रेंच टेनिस महासंघाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं. त्याच वर्षाअखेर महिला टेनिस संघटनेने स्कर्टशिवाय लेगिंग्ज घालायला स्पष्ट परवानगी दिली.

जिम्नॅस्टिक्समध्ये पूर्ण पाय झाकणारा पोशाख नियमांत बसतच होता, पण तो क्वचितच दिसे. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मन मुली तोच घालून उतरल्या. आपल्याला कशात मोकळं वाटतं हे आपणच ठरवणार, असं त्यांचं म्हणणं होतं.