अटलांटिक ओलांडताना रोजची दोन युनिट वीज

कॅनरी बेटांवरील लास पाल्मासहून कॅरिबियनमधील सेंट लुसियाकडे दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास शेकडो शिडाच्या नौका निघतात. सुमारे २,७०० सागरी मैलांचे हे अंतर कापायला दहा-अकरा मीटर लांबीच्या नौकेला साधारण तीन आठवडे लागतात. वाटेत बंदर नाही, आणि डिझेलचा साठा इतका मर्यादित असतो की इंजिन रोज तासन्‌तास चालवणे परवडत नाही. वारा नौका पुढे नेतो. परंतु शीतकपाट, दिवे, रेडिओ, नकाशाचा पडदा आणि सुकाणू सांभाळणारा ऑटोपायलट यांना लागणारी वीज नौकेवरच निर्माण करावी आणि साठवावी लागते.

या विजेचा हिशेब अँपिअर-तासांत मांडतात. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला की एक अँपिअर-तास खर्ची पडतो. नवख्याला भीती वाटते ती नांगर ओढणाऱ्या विद्युत यंत्राची, कारण १,००० वॉटचे हे यंत्र १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून अधिक प्रवाह खेचते. मात्र ते तीन मिनिटेच चालत असल्याने त्याचा खर्च चार अँपिअर-तासांच्या आसपास राहतो. याउलट चार अँपिअर घेणारे शीतकपाट उष्ण कटिबंधात निम्मा वेळ चालू राहिले, तरी दिवसाकाठी ४८ अँपिअर-तास संपवते. ऑटोपायलटने सरासरी तीन अँपिअर घेतले, तर चोवीस तासांत ७२ होतात. उपकरणे व नकाशाचा पडदा यांचे ३६ आणि केबिनमधील दिवे, पंप, फोन यांचे पंधरा धरले, तर एकूण खर्च १७० च्या पुढे जातो. म्हणजे सुमारे दोन युनिट वीज, जी घरातील २,००० वॉटचा गीझर तासाभरात संपवतो. डोलकाठीच्या टोकावरचा जुन्या पद्धतीचा २५ वॉटचा दिवा बारा तासांच्या रात्रीत आणखी २५ अँपिअर-तास घेई; एलईडीने तो खर्च तीनवर आणला. नवे सौर पॅनेल घेण्याआधी असा एखादा दिवा बदलणे केव्हाही स्वस्त पडते.

खर्च कळला तरी साठा किती आहे, हे समजणे तितके सोपे नसते. पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी काही तास विश्रांतीनंतर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, तर निम्मी रिकामी झालेली १२.२. हा फरक अर्ध्या व्होल्टचाच असल्याने, आणि भार किंवा चार्जिंग चालू असताना आकडा आणखी फसवा होत असल्याने, आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजत राहणारा मॉनिटर बसवणे शहाणपणाचे ठरते.

शिसे-आम्ल बॅटरीतून वीज घेताना तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि चार्जिंगमध्ये ते विरघळते. बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून खालचा अर्धा साठा हात न लावण्याचा. वरच्या टोकाची अडचण वेगळी आहे. सुमारे ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी भराभर भरते, पण पुढे पट्ट्यांच्या आत उरलेल्या सल्फेटपर्यंत अभिक्रिया संथपणे पोहोचते आणि जास्त जोर लावला तर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन सुटू लागतात. त्यामुळे शेवटच्या २० टक्क्यांना अनेक तास लागतात आणि इंजिनावर ते भरायचे म्हणजे दहा अँपिअरसाठी डिझेल जाळत बसायचे. साहजिकच नाविक ८० टक्क्यांवर इंजिन बंद करतात. अशा रीतीने ४०० अँपिअर-तासांच्या संचातून प्रत्यक्ष वापरायला उरतात जेमतेम १२०. शिवाय कायम अर्धवट भरलेल्या बॅटरीतील सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होत जातात आणि पुन्हा विरघळेनासे होतात. माझ्या मते नौकांवरील बॅटऱ्या अतिवापराइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक, या अपुऱ्या चार्जिंगने मरतात.

सौर पॅनेलचा खरा उपयोग येथे दिसतो. मंद पण दिवसभर टिकणारा त्याचा प्रवाह या शेवटच्या टप्प्याला नेमका मानवतो. तरीही या मार्गावर त्याला अडथळे आहेत. नौका पश्चिमेकडे चाललेली असते, दुपारनंतर सूर्य समोर उतरतो आणि पसरलेल्या शिडांची सावली मागच्या बाजूला बसवलेल्या पॅनेलवर पडते. पॅनेलमधील घट (सेल) एकसरीत जोडलेले असल्याने थोडीशी सावलीही मोठे नुकसान करते. पवनचक्कीचे गणित तर आणखी बिघडते. वारा १८ नॉटने (तासाला १८ सागरी मैल) पाठीमागून येत असेल आणि नौका सहा नॉटने पुढे पळत असेल, तर पात्यांना लागतो तो १२ नॉटचाच वारा. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने हाती येते ती उभ्या नौकेच्या तुलनेत सुमारे ३० टक्के. पाण्यात फिरणारा जलजनित्र मात्र रात्रंदिवस चालतो आणि त्याबदल्यात नौकेचा थोडासा वेग घेतो.

सर्वांत मोठी बचत अर्थातच मागणीत आहे. वाऱ्याच्या दिशेनुसार सुकाणू वळवणारे यांत्रिक साधन विजेविना चालते आणि ऑटोपायलटचे ते ७२ अँपिअर-तास वाचवते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून २०१२-१३ मध्ये मुंबई ते मुंबई अशी विनाथांबा एकल पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी यांनी पुढे २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, तो असेच वाऱ्यावर चालणारे सुकाणू वापरून, त्या शर्यतीत विद्युत ऑटोपायलटला मुळी परवानगीच नसते.

तारांकडे सहसा दुर्लक्ष होते. बॅटरीपासून पाच मीटरवरच्या उपकरणाला जाण्या-येण्याची मिळून दहा मीटर तार लागते. ती २.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर १० अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. घरच्या २३० व्होल्टमध्ये ही घट नगण्य ठरली असती. १२ व्होल्टमध्ये ती सहा टक्के होते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने हे गणित बरेच बदलले आहे. तिची सुमारे ८० टक्के क्षमता बिनधास्त वापरता येते, वजन शिशाच्या निम्म्याहून कमी असते आणि अर्धवट भरलेली राहिल्याने तिचे बिघडत नाही. मात्र ती मिळेल तितका प्रवाह ओढून घेते, त्यामुळे इंजिनावर फिरून वीज निर्माण करणारा साधा अल्टरनेटर पूर्ण भाराखाली तापून जळू शकतो. धोका जाणवल्यास बॅटरीची संरक्षक यंत्रणा जोडणी अचानक तोडते. त्या क्षणी अल्टरनेटरचे व्होल्टेज उसळून त्याचे डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, निकामी होतात. म्हणूनच अनेक नौकांवर अल्टरनेटर इंजिन सुरू करणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीलाच जोडतात आणि प्रवाहावर मर्यादा घालणाऱ्या चार्जरमार्फत तिथून लिथियम संच भरतात. ही छोटी बॅटरी नौकेवरच्या रोजच्या वापरापासून वेगळी ठेवलेली असल्याने शीतकपाटाने रात्रीत सगळा साठा संपवला तरी सकाळी इंजिन सुरू होते.