आमोरेस पेरोस

आमोरेस पेरोस : स्पॅनिश भाषेतील मेक्सिकन गुन्हेपट (२०००). लांबी १५४ मिनिटे. दिग्दर्शन अलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितू, पटकथा गियेर्मो आरियागा, छायालेखन रोद्रिगो प्रिएतो, संगीत गुस्तावो सांताओलाया, कलादिग्दर्शन ब्रिगिते ब्रोख. मेक्सिको सिटीतल्या एका चौकात दोन मोटारी एकमेकींवर आदळतात. त्या अपघाताच्या आगेमागे घडणाऱ्या तीन कथा हा या चित्रपटाचा ऐवज आहे. अनेक कथा गुंफणाऱ्या चित्रपटांत शेवटाकडे सगळी पात्रे बहुधा एकमेकांच्या ओळखीची निघतात. इथे तसे होत नाही. ज्यांची आयुष्ये या टकरीने उद्ध्वस्त होतात ती माणसे अखेरपर्यंत एकमेकांना परकीच राहतात. एका कथेतून दुसऱ्या कथेत मुक्कामाला जातो तो फक्त एक जखमी कुत्रा.

कथानक

पहिला भाग ओक्तावियो आणि सुसाना यांचा. ओक्तावियो (गाएल गार्सिआ बेर्नाल) आई, थोरला भाऊ रामिरो, वहिनी सुसाना आणि तिचे तान्हे मूल यांच्यासह एका कोंदट घरात राहतो. सुसाना अजून शाळेच्या गणवेशात असते, इतकी लहान. रामिरो दिवसा सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसतो आणि संधी मिळेल तेव्हा औषधांची दुकाने लुटतो. ओक्तावियोचा वहिनीवर जीव जडला आहे, पण तिला घेऊन पळायचे तर पैसा हवा. हारोचो नावाचा गुंड आपला झुंजीचा कुत्रा यांच्या कोफी या रॉटवायलरवर सोडतो आणि कोफी त्या कुत्र्यालाच मारतो. पैशाचा रस्ता असा सापडतो. कोफी झुंजी जिंकत जातो, ओक्तावियो मिळकत सुसानाकडे ठेवायला देत जातो, मध्येच भाडोत्री माणसांकडून भावाला बेदम मारही देववतो. शेवटी सुसाना आणि रामिरो ती पुंजी घेऊन पसार होतात. हारोचोशी ठरलेल्या मोठ्या पैजेच्या झुंजीत आपला कुत्रा हरतोय असे दिसताच हारोचो कोफीवर गोळी झाडतो. ओक्तावियो त्याच्या पोटात सुरा खुपसून मित्र होर्हेबरोबर पळ काढतो. मागे पाठलाग, मागच्या सीटवर रक्तबंबाळ कुत्रा, समोर लाल सिग्नल.

ज्या गाडीवर ते आदळतात ती चालवत असते वालेरिया (गोया तोलेदो), शहरभर जाहिरातफलकांवर झळकणारी स्पॅनिश मॉडेल. तिच्यासाठी मासिकाचा संपादक दानिएल याने बायको आणि मुली सोडल्या आहेत, आणि नव्या घरातला त्यांचा तो पहिलाच दिवस आहे. वालेरियाचा पाय मोडतो. ती चाकाच्या खुर्चीवर, आणि तिचा लहानसा कुत्रा रिची फरशीच्या भगदाडातून लाकडी जमिनीखाली शिरून अडकलेला, खाली उंदीर. पुढचे दिवस भांडणे, कुत्र्याचे कण्हणे आणि चिघळत जाणारी जखम यांत जातात. शेवटी पाय कापावा लागतो. खिडकीसमोरच्या फलकावरून तिचे चित्र उतरलेले असते आणि जागा भाड्याने देणे असल्याचा मजकूर तेवढा उरलेला असतो.

तिसरा भाग एल चिवो (एमिलियो एचेवारिया) या भटक्या म्हाताऱ्याचा. हा एकेकाळचा प्राध्यापक. क्रांतीसाठी घर सोडून गनिमी गटात गेला, वीस वर्षे तुरुंगात राहिला, आणि आता एका भ्रष्ट पोलिसामार्फत सुपाऱ्या घेतो. मुलगी मारू हिला बाप मेला असेच सांगितलेले आहे. गुस्तावो नावाचा व्यावसायिक आपला भागीदार आणि सावत्र भाऊ लुईस याला मारण्याची सुपारी देतो. लुईसवर पाळत ठेवून असतानाच चिवोच्या डोळ्यांदेखत अपघात होतो. तो ओक्तावियोच्या खिशातले पैसे काढतो आणि मरणाच्या दारातल्या कोफीला उचलून नेतो, जगवतो. बरा झालेला कोफी त्याच्या घरातली बाकीची सगळी कुत्री मारून टाकतो. चिवो पिस्तूल रोखतो, पण चाप ओढत नाही. पुढे तो दोन्ही भावांना एकाच खोलीत बांधून घालतो, मध्ये पिस्तूल ठेवतो आणि निघून जातो. त्यानंतर तो सुपारीचे पैसे मुलीच्या उशाशी ठेवतो आणि तिच्या दूरध्वनीयंत्रावर निरोप ठेवून जातो. भावांचा निकाल दाखवण्याच्या फंदात चित्रपट पडत नाही. पिस्तूल आधी कोणाच्या हाती लागले, हे आपल्यावर सोडलेले आहे.

रचना

कथा तीन असल्या तरी अपघात चार वेळा दिसतो. सुरुवातीला तो ओक्तावियोच्या गाडीच्या आतून येतो: कोण कोणाचा पाठलाग करतो आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. पहिल्या भागाच्या शेवटी तीच टक्कर परत येते तेव्हा सगळी कारणे हातात असतात. तिसऱ्यांदा ती वालेरियाच्या बाजूने, कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळते, आणि चौथ्यांदा पदपथावर उभ्या चिवोच्या नजरेने. एकच घटना पुन्हा दाखवण्यातला मोठा धोका म्हणजे कंटाळा. इथे तो टळतो, कारण दर वेळी प्रेक्षकाला आधीपेक्षा वेगळ्या माणसाची काळजी असते.

या रचनेत कालक्रम हरवण्याची भीतीही असते. त्यासाठी आधीच्या भागांत पुढच्या भागांच्या खुणा पेरलेल्या आहेत. ओक्तावियोच्या भागात टीव्हीवर वालेरियाची मुलाखत चालू असते. दानिएल बायकोमुलींबरोबर मोटारीत दिसून जातो. चिवो उपाहारगृहाच्या काचेतून एकाला गोळी घालतो, तेव्हा हा कोण याचा पत्ता लागत नाही. उलट रामिरोचा शेवट त्याच्या स्वतःच्या भागात नाही. बँक लुटताना तो मारला जातो ते तिसऱ्या भागात, आणि त्याच्या अंत्यविधीनंतर ओक्तावियो सुसानाची वाट पाहत बस स्थानकावर थांबतो तेही तिथेच. ती येत नाही.

अपघात हा काकतालीय न्याय खरा, पण त्याआधीचे काहीच योगायोगाचे नाही. झुंज, सुरा, पाठलाग, तोडलेला सिग्नल ही साखळी कडीला कडी लागून आलेली आहे. या घाटाच्या पटकथेत एक योगायोग प्रेक्षक बिनतक्रार मान्य करतो, विशेषतः तो सुरुवातीलाच समोर ठेवला तर. दुसरा योगायोग एखादी अडचण सोडवायला आणला की विश्वास उडतो. आरियागाने ही मर्यादा पाळली. तिन्ही भागांना जोडणारा धागा त्याने योगायोगाऐवजी आशयात ठेवला: ओक्तावियो आणि रामिरो, गुस्तावो आणि लुईस ही उघड भाऊबंदकी आहे, आणि तिन्ही घरांत कोणी ना कोणी कुटुंब सोडून गेलेला किंवा जाऊ पाहणारा आहे. कुत्रे मालकांचे वळण गिरवतात. कोफीला मारायला शिकवले माणसाने. चिवोच्या घरी तो तेच करतो, फक्त पैज नसते.

मधला भाग तुलनेने कमकुवत आहे. बाकी दोन भागांत रस्ता, गर्दी आणि पैसा यांची सतत ढकलाढकली आहे. इथे कथा चार भिंतींत अडकते आणि फरशीखालच्या कुत्र्याचे प्रतीक जरा जास्तच वेळ ताणले जाते. सुसानाच्या मनात काय चालले आहे हेही फारसे कळत नाही, आणि सूक्ष्मपणा या लबाडीमागे हे लपवता येण्यासारखे नाही. ती बहुतेक वेळा दोन भावांच्या भांडणाचे निमित्तच राहते.

चित्रीकरण

टक्कर कोन्देसा या मध्यमवर्गीय वस्तीतल्या चौकात घेतली. मोटारी एकदा चेंदामेंदा झाल्या की दुसरी संधी महागात पडते. म्हणून नऊ कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवले होते. चारही दृष्टिकोनांना वेगवेगळे तुकडे मिळाले ते त्यामुळे. स्थळाची निवडही अर्थपूर्ण आहे. या शहरात झुंजवाला पोरगा, मॉडेल आणि हातगाडी ढकलणारा म्हातारा एका जागी येऊ शकतात ते रस्त्यावरच.

जवळजवळ सगळा चित्रपट हातात धरलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला आहे. त्याचा खरबरीत रंग रसायनशाळेत आणला गेला. रंगीत निगेटिव्ह धुताना एका टप्प्यावर ब्लीच वापरून चांदी काढण्याजोगी केली जाते. हा टप्पा गाळला की चांदी रंगांवर तशीच बसून राहते: काळा रंग गडद होतो, पांढरा भगभगतो, कण ठळक दिसतात, कातडीचा रंग फिका पडतो. प्रिंटवर असा प्रयोग केला तर बिघडलेली प्रत टाकून नवी काढता येते. प्रिएतोने तो मूळ निगेटिव्हवर केला, म्हणजे प्रकाशाचा अंदाज चित्रीकरणाच्या वेळीच अचूक हवा. जास्त प्रकाश पडला तर उजळ भागातला तपशील जातो, कमी पडला तर सावल्यांचा डांबरासारखा गोळा होतो.

झुंजींच्या दृश्यांवरून प्रदर्शनाच्या वेळी बराच गदारोळ झाला. कुत्र्यांना इजा झालेली नाही, असे निवेदन चित्रपटाच्या आरंभीच दिले आहे. प्रत्यक्षात ते खेळत होते. तोंडाला मासेमारीच्या पारदर्शक दोरीची मुसकी बांधली होती. चावा घेतल्याचा भास लहान लहान तुकड्यांचे संकलन, हलता कॅमेरा आणि ध्वनी यांतून होतो. नीट पाहिले तर दात रुतलेले कुठेच दिसत नाहीत. कॅमेरा अर्ध्या क्षणात झुंज पाहणाऱ्यांच्या तोंडांकडे वळतो आणि नोटा मोजणाऱ्या हातांवर मात्र रेंगाळतो. मेक्सिकोत कुत्र्यांच्या झुंजी भरवणे हा देशपातळीवरचा फौजदारी गुन्हा ठरला तो बराच नंतर, २०१७ मध्ये.

पार्श्वभूमी

इन्यारितूचा (जन्म १९६३) हा पहिलाच चित्रपट. त्याआधी तो मेक्सिको सिटीत रेडिओ निवेदक होता आणि नंतर जाहिरातपट करत होता. बेर्नाल लंडनमध्ये नाट्यशिक्षण घेत होता, त्याचाही हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. निर्मिती सरकारी अनुदानाशिवाय, खाजगी पैशावर झाली.

डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचे चलन पेसो कोसळले, त्यानंतरच्या वर्षांत राजधानीत लूटमार आणि अपहरणे वाढली. रामिरोची दुकानफोडी आणि सुपारीचा दलाल असलेला पोलीस या काळाचे आहेत. चिवो त्याहून जुन्या काळाचा: १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत झालेल्या विद्यार्थ्यांच्या त्लातेलोल्को हत्याकांडानंतर, सत्तरच्या दशकात अनेक सुशिक्षित तरुण शहरी गनिमी गटांत गेले, त्या पिढीचा. चित्रपट मेक्सिकोत १६ जून २००० रोजी प्रदर्शित झाला आणि २ जुलैच्या निवडणुकीत ७१ वर्षे सत्तेत असलेला पीआरआय पक्ष अध्यक्षपद गमावून बसला. चित्रपटात निवडणुकीचा विषय नाही. तरी सगळी व्यवस्था आतून किडल्याची जी भावना पडद्यावर होती ती तिकीट काढणाऱ्याला नवी नव्हती.

प्रतिसाद आणि नंतर

मे २००० मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी टोकियो चित्रपट महोत्सवाचे ग्रां प्री, पुढे अकरा आरिएल हे मेक्सिकोचे चित्रपट पुरस्कार आणि इंग्रजीतर चित्रपटासाठीचा ब्रिटिश बाफ्टा पुरस्कार. ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन झाले. मेक्सिकोला ते पंचवीस वर्षांनी मिळत होते.

इन्यारितू आणि आरियागा यांनी हाच घाट '२१ ग्रॅम्स' (२००३) आणि 'बेबल' (२००६) यांत आणखी ताणला. नंतर श्रेय कोणाचे यावरून दोघांचे बिनसले. या दोन चित्रपटांत कथा जितक्या दूरदूरच्या होत गेल्या, तितका त्यांना जोडणारा दुवा बारीक झाला. 'बेबल'मध्ये तो मोरोक्कोतल्या एका बंदुकीपासून टोकियोपर्यंत ओढावा लागतो. 'आमोरेस पेरोस'मध्ये एकच शहर होते आणि बेर्नालच्या गाडीचा वेग. अंतर पार करायला तेवढे पुरत होते.