कोपऱ्यातला उंट

सिंगापूरमध्ये १२ डिसेंबर २०२४ रोजी बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा चौदावा आणि अखेरचा डाव सुरू झाला, तेव्हा जगज्जेता डिंग लिरेन आणि त्याचा आव्हानवीर डी. गुकेश यांचे प्रत्येकी साडेसहा गुण होते. चोपन्न चालींनंतर दोघांकडे एकेक हत्ती आणि पांढऱ्या घरांवरचा एकेक उंट उरला होता. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे दोन प्यादी होती, डिंगकडे एक. डाव बरोबरीकडे झुकला होता.

पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर (पटावरचे प्रत्येक घर असे उभ्या रांगेचे अक्षर आणि आडव्या रांगेचा अंक यांनी ओळखतात) आणून हत्तींची मारामारी, म्हणजे हत्तीला हत्ती, देऊ केली. प्याद्याने मागे असलेल्याने प्याद्यांची मारामारी करावी, मोहऱ्यांची नव्हे, हे बुद्धिबळाच्या वर्गात लहान मुलांनाही शिकवतात, कारण मोहरी पटावर असेतो बचावाला वाव राहतो. येथे दुखणे त्याहून खोल होते. डिंगचा उंट ए८ या कोपऱ्यात होता, आणि कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरपी रेघ मिळते. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट त्याच रेघेवर, डी५ वर, राजाच्या आधाराने ठेवला. आता डिंगचा उंट बी७ वर जावो, सी६ वर जावो किंवा जागीच राहो, तो मारला जाणारच होता. म्हणून उंटाला उंट देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

उरले ते राजे आणि प्यादी. शेवटी पांढरा राजा ई३ वर, काळा ई५ वर, मध्ये एकच घर आणि चाल पांढऱ्याची. राजांना एकमेकांना खेटून उभे राहता येत नाही. त्यामुळे प्याद्याची मोकळी चाल हाताशी नसेल, तर ज्याची पाळी त्यालाच सरून वाट द्यावी लागते. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

जगज्जेत्याच्या हातून हे व्हावे कसे? मुरलेला खेळाडू पट सुटा सुटा पाहत नाही, ओळखीच्या रचनांमधून पाहतो. त्याचा वेग त्यातून येतो, आणि धोकाही. बिलालिच, मॅक्लिऑड आणि गोबे या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००८ मध्ये तज्ज्ञ खेळाडूंच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा अधिक चांगला मार्ग शोधत आहोत असे ते सांगत असतानाही त्यांची नजर आधी सुचलेल्या मार्गाच्या घरांवरच रेंगाळत होती. ‘हत्ती गेले की बरोबरी’ ही अशीच ओळखीची वाट असावी, असे मला वाटते. थकव्याने तिला हातभार लावला असेल. गुकेशने नंतर सांगितले, की ती चूक त्याच्याही लगेच ध्यानात आली नव्हती. तो हत्तीची दुसरीच चाल खेळण्याच्या बेतात होता, आणि मग त्याला कोपऱ्यात अडकणारा उंट दिसला.