दीक्षा, एमएस-सीआयटी, वरिष्ठ श्रेणी: शिक्षकांचं प्रमाणपत्र नेमकं कुठं अडतं?

शिक्षकांकडून तंत्रज्ञान आणि ऑनलाइन प्रशिक्षणाच्या नावाखाली तीन वेगवेगळे कागद मागितले जातात. एक संगणक अर्हतेचा, म्हणजे बहुधा एमएस-सीआयटी या संगणक परीक्षेचा, दुसरा दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवरच्या कोर्सचा आणि तिसरा वरिष्ठ किंवा निवड वेतनश्रेणीच्या (ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या पगाराच्या) प्रशिक्षणाचा. एकाच्या जागी दुसरा जोडला की प्रस्ताव परत येतो. परत आलेल्या प्रस्तावावर शेरा असतो 'त्रुटी', आणि त्रुटी कसली ते कुणी लिहीत नाही. म्हणून आधी हे पक्कं करा: दीक्षावरची वीस प्रमाणपत्रं जोडली तरी त्यातून एमएस-सीआयटीची अट भागत नाही आणि वरिष्ठ श्रेणीही मिळत नाही. हे तीन रस्ते कुठंच एकमेकांना मिळत नाहीत.

संगणक अर्हता

एमएस-सीआयटी एमकेसीएलच्या (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या) केंद्रांवर शिकवतात, पण ग्राह्य धरलं जातं ते महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. केंद्रचालकानं सही-शिक्क्यानिशी दिलेला 'कोर्स पूर्ण केला' हा दाखला चालत नाही. गल्लीतल्या संगणक क्लासचा सहा महिन्यांचा डिप्लोमाही चालत नाही, मग तिथं तुम्ही कितीही शिकलेले असा. एमएस-सीआयटी नको असेल तर नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेची सीसीसी ही संगणक परीक्षा आहे. नायलिटचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारातच आहे, पण हे आपल्या मराठवाड्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मुदतीचं मात्र जपा. आधीपासून सेवेत असलेल्यांसाठी ३१ डिसेंबर २००७ ही तारीख होती, आणि ती चुकलेल्यांच्या वेतनवाढी रोखण्याचे, दिलेल्या वसूल करण्याचे विषय पुढं वर्षानुवर्षं चालले. नंतर लागलेल्यांनी आपल्या नेमणुकीच्या आदेशातली अट क्रमांकासकट वाचावी. मुदत मोजली जाते ती परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या तारखेवरून. फी भरल्याची पावती त्यासाठी उपयोगाची नाही.

दीक्षा: सगळ्यात जास्त गोंधळ इथं

दीक्षा २०१७ पासून सुरू आहे. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन केले की जे उघडतं ते हेच. करोनाच्या काळात निष्ठा हे शिक्षकांसाठीचं राष्ट्रीय प्रशिक्षण यावर आलं आणि तेव्हापासून शिक्षकांची गाठ या ॲपशी कायमची पडली. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाच्या निष्ठा ३.० मध्ये बारा कोर्स होते. त्यातला एक अध्यापन आणि मूल्यमापनात तंत्रज्ञान कसं वापरायचं यावरच होता आणि तो खरंच चांगला होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. त्यामुळं असे कोर्स येतच राहणार.

ॲप उतरवणं, महाराष्ट्र मंडळ आणि मराठी माध्यम निवडणं, कोर्स शोधून 'सामील व्हा' दाबणं यात कुणाचं फारसं अडत नाही. शिक्षक अडतात ते पुढच्या गोष्टींत.

*खातं.* एकदा मोबाइल नंबर टाकून लॉगिन केलं आणि पुढच्या वेळी गूगलच्या बटणावरून, तर दीक्षाच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं आहात. पहिल्या खात्यात साठ टक्के, दुसऱ्यात चाळीस, आणि प्रमाणपत्र कुठंच नाही. परभणीकडच्या एका बाईंनी अख्खा कोर्स मन लावून केला, शेवटच्या चाचणीत उत्तम गुण मिळवले आणि प्रमाणपत्र उघडलं तर त्यावर नाव बारावीतल्या लेकीचं. फोनमध्ये गूगल खातं लेकीचं होतं, त्याला बाई काय करणार? म्हणून पहिल्याच दिवशी स्वतःचा ईमेल किंवा मोबाइल नंबर कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी त्यानंच आत जा. दोन खाती झालीच असतील तर मेनूत खाती एकत्र करण्याचा पर्याय आहे. तो दाबण्याआधी दोन्हीकडची मिळालेली प्रमाणपत्रं उतरवून घ्या, कारण एकत्र केल्यावर एक खातं कायमचं बंद होतं.

*नाव.* प्रोफाइलमध्ये जे नाव असेल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं. तिथं 'पाटील सर' लिहिलं असेल तर प्रमाणपत्र 'पाटील सर' यांचं. यात सगळ्यात जास्त हाल होतात लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचे. सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. मग कार्यालयातला लिपिक म्हणतो, 'हे प्रमाणपत्र तुमचंच कशावरून?' वीस वर्षं त्याच टेबलावर ज्यांच्या पगाराचं बिल निघतंय त्यांना हा प्रश्न! पण वाद घालून उपयोग नाही. कोर्स सुरू करायच्या आधी प्रोफाइलमधलं नाव सेवापुस्तकातल्या नावाशी अक्षर न अक्षर जुळवा. सेवापुस्तकातच नाव बदलायचं असेल तर आधी राजपत्रात नावबदलाची प्रसिद्धी, मग त्याची प्रत जोडून अर्ज, मग नोंद, असा क्रम आहे. त्याला वेळ लागतो. तोवर सेवापुस्तकात आज जे नाव आहे तेच वापरा, मनाला पटो न पटो.

*तारीख.* कोर्सच्या पानावर दोन तारखा असतात. एक नोंदणीची शेवटची, दुसरी कोर्स बंद होण्याची. बहुतेक जण मोठी तारीख लक्षात ठेवतात आणि निवांत राहतात. नोंदणीची तारीख गेली की कोर्स समोर दिसतो, उघडतो, व्हिडिओ चालतात, पण तुम्ही त्या बॅचमध्ये नसता. मग सगळे भाग पाहिले तरी प्रमाणपत्र निघत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या परिपत्रकात तर यापैकी एकच तारीख असते, आणि ती कोणती हे परिपत्रक काढणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळं ग्रुपवरच्या संदेशावर विसंबू नका, कोर्सचं पान उघडून दोन्ही तारखा बघा.

*चाचणी.* निष्ठाच्या कोर्समध्ये शेवटच्या चाचणीत ७० टक्के गुण लागतात आणि संधी तीनच असतात. 'बघू तरी कशी असते' म्हणून पहिली संधी वाया घालवू नका. मोबाइलचं चार्जिंग, वीज आणि नेटवर्क तिन्ही जागेवर असतील तेव्हाच चाचणी उघडा. किनवट-माहूरकडच्या वाड्या-तांड्यांवर नेटवर्क नसतं हे मान्य. पण व्हिडिओ तालुक्याला किंवा घरी वायफायवर उतरवून शाळेत पाहता येतात. फक्त नंतर नेटवर्कमध्ये आल्यावर त्याच खात्यानं ॲप उघडून प्रगती अद्ययावत करा. फोनमध्ये शंभर टक्के दिसतंय आणि तालुक्याच्या यादीत चौसष्ट, यामागं बऱ्याचदा एवढंच कारण असतं. प्रमाणपत्र दुसऱ्या मिनिटाला येत नाही, काही दिवस थांबावं लागतं. या काळात घाबरून ॲप काढून टाकणारे आणि नवीन खातं उघडणारे शिक्षक दर बॅचला भेटतात. कृपा करा, ते करू नका.

*यू-डायस आणि संमती.* सामील होताना तुमची माहिती प्रशासनाला कळवू का, असं ॲप विचारतं. तिथं घाईत 'नाही' दाबलं की कोर्स पूर्ण होतो, पण तालुक्याच्या यादीत तुमचं नाव येत नाही आणि दोन महिन्यांनी 'अपूर्ण' म्हणून नोटीस हातात पडते. यू-डायस, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, अकरा अंकी असतो. सुरुवातीचे २७ राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. मराठवाड्यात: नांदेड १५, हिंगोली १६, परभणी १७, जालना १८, छत्रपती संभाजीनगर १९, बीड २७, लातूर २८, धाराशिव २९. बदलीनंतर जुन्याच शाळेचा क्रमांक प्रोफाइलमध्ये राहिलेला असतो, तो आधी बदला. जिल्ह्यांच्या यादीत औरंगाबाद किंवा उस्मानाबाद हे जुनं नाव दिसलं तर तेच निवडा. नवीन नाव सापडत नाही म्हणून तिसराच जिल्हा निवडलेले लोक असतात आणि मग त्यांची नोंद भलत्याच डाएटकडं (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडं) जाते.

वरिष्ठ आणि निवड श्रेणीचं प्रशिक्षण

पात्रतेचा हिशेब सोपा आहे, बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी. हे प्रशिक्षण पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद घेते. २०२२ मध्ये ते इन्फोसिस स्प्रिंगबोर्डवर पूर्ण ऑनलाइन झालं, नोंदणीचं शुल्क २००० रुपये होतं. नोंदणीत चुकीचा ईमेल दिलेल्यांना लॉगिनच मिळालं नाही, आणि तो ईमेल बहुतेकांचा नेटकॅफेवाल्यानं टाकलेला होता. शुल्क भरायच्या आधी ईमेल, शालार्थ (शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला) क्रमांक आणि गट (प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक की अध्यापक विद्यालय) स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कोणतं प्रशिक्षण ऑनलाइन आणि कोणतं प्रत्यक्ष, हे त्या-त्या वर्षीच्या सूचनेवर ठरतं. मागच्या वर्षी प्रशिक्षण केलेल्या मित्राचं ऐकून चालू नका.

खरी अडचण असते ती खाजगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांची. सेवा मोजायची तर शिक्षणाधिकाऱ्यांचं वैयक्तिक मान्यतेचं (तुमची नेमणूक मंजूर केल्याचं) पत्र लागतं, आणि ते कुणाकडंच नसतं. शाळा म्हणते संस्थेकडं आहे, संस्था म्हणते जुन्या सचिवांकडं आहे, जुने सचिव नव्या सचिवांशी बोलत नाहीत. नुसत्या नेमणूक आदेशावर प्रस्ताव पाठवलात तर तो परत येणार, हे गृहीत धरा. प्रशिक्षणाची सूचना यायची वाट न पाहता आजच मान्यतेच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख शोधा. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानांवर ती बहुधा सापडते. त्यावरून शिक्षणाधिकारी कार्यालयाकडं साक्षांकित प्रतीसाठी अर्ज करा आणि पोच घ्या. 'फाइल सापडत नाही' असं तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. फाइल नाही असं लेखी मिळालं तरी तो कागद तुमच्या बाजूनं बोलतो.

तिन्हींपैकी कोणतंही प्रमाणपत्र हातात आलं की त्याची छापील प्रत अर्जासोबत मुख्याध्यापकांमार्फत द्या आणि सेवापुस्तकात नोंद घ्यायला लावा. नोंदीखाली सही, शिक्का आणि तारीख तिन्ही आहेत का ते बघा, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.