भरावामागची फूग

पावसाळ्यात सांगलीत भेटेल तो एकच विचारतो, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवर १९२९ साली बांधलेल्या या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, धोक्याची पातळी पुन्हा ओलांडली.

तेव्हापासून पूरपट्ट्यात हमखास ऐकू येतं, "आमचा रस्ता उंच करा." मागणी अगदी रास्त आहे. रस्ता बुडाला की बाळंतपणाची बाई अडते, डायलिसिसचा पेशंट अडतो, जनावरांची वैरण अडते. प्रश्न आहे तो रस्ता कशावर उंच करायचा याचा.

कराडला कोयना, हरिपूरला वारणा पोटात घेऊन कृष्णा इथल्या सपाट मुलखातून संथ वाहते. उतारच कमी, त्यामुळे मोठं पाणी पात्रात मावत नाही. ते मळीत, म्हणजे काठच्या जमिनीत चढतं, उसात पसरतं आणि तिथूनही हळूहळू पुढे सरकत राहतं. पुराच्या दिवसांत ही शिवारं म्हणजे नदीच असते.

त्या शिवारात मातीचा भराव घालून रस्ता आडवा नेला की आपण नकळत एक धरण बांधतो. एका पुरात अशाच भरावावर उभा होतो. वरच्या अंगाला पाणी डांबराच्या कडेला टेकलेलं, खालच्या अंगाला चांगलं हातभर खाली. पाणी पलीकडे जायला भरावाखालून ठेवलेल्या मोरीच्या तोंडाशी उसाचं पाचट आणि बाभळीच्या फांद्या अडकलेल्या. ही वरच्या अंगाची चढ म्हणजेच फूग.

तिचं गणित सोपं आहे. सेकंदाला १ मीटर वेगानं पसरून जाणारं पाणी अरुंद मोरीतून ३ मीटर वेगानं काढायचं, तर तो वेग देण्यासाठीच पाण्याला मागे सुमारे ४० सेंटीमीटर चढावं लागतं. घर्षण आणि अडकलेला कचरा यांची भर वेगळीच. जमिनीचा उतार किलोमीटरला २० सेंटीमीटर असेल, तर ही फूग दोन किलोमीटरांहून जास्त मागे जाणवते. म्हणजे रस्ता वाचला, पण वरच्या वस्तीच्या उंबऱ्यात पाणी आलं. शिवाय मोरीतून सुटलेलं वेगवान पाणी खालची माती उकरतं आणि पायाच उघडा पाडतं.

म्हणून पूरपट्ट्यातला रस्ता जिथं पाणी खरोखर वाहतं तिथं खांबांवरच न्यावा, असं माझं ठाम मत आहे. खर्च कितीतरी जास्त येतो, हे मान्य. पण भरावाच्या अंदाजपत्रकात वरच्या वस्तीचं नुकसान कुणी धरत नाही. जुने ओत, म्हणजे पाण्याच्या जुन्या वाटा, आणि नाले तर एकही न बुजवता मोकळे ठेवायला हवेत.

पुराचं पाणी कुठवर येईल हे नकाशावर दाखवणाऱ्या पूररेषेबद्दलही एक गैरसमज आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत, असा नव्हे. लाल रेषेपर्यंतचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. घराचं कर्ज ३० वर्षांचं धरलं, तर तेवढ्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेसाठी हाच आकडा ७० टक्क्यांपर्यंत जातो.

नदीतून पाणी उपसणाऱ्या जॅकवेलच्या मोटारी, रोहित्रं, दवाखान्याचा जनरेटर यांचे चौथरे लाल रेषेच्या वर घेणं त्या मानानं स्वस्त आहे. तरी पुरानंतर सावरलेल्या कितीतरी घरांत गाळाची रेघ रंगाखाली गेलेली दिसते आणि विजेचा मीटर त्याच रेघेखाली, जुन्याच खिळ्यांवर.