१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील भारत

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे १९ जुलै ते ३ ऑगस्ट १९५२ या काळात झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत भारताने दोन पदके मिळवली: पुरुष हॉकीत सुवर्ण आणि फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्य. सुवर्ण अपेक्षितच होते. कांस्याची मात्र कोणी वाट पाहत नव्हते, आणि ते आणणाऱ्या पैलवानाला हेलसिंकीला जायचा खर्च स्वतःच उभा करावा लागला होता.

भारतीय पथकात ६४ खेळाडू होते, त्यांत महिला फक्त चार. नीलिमा घोष व मुंबईच्या मेरी डिसूझा धावण्याच्या शर्यतींत उतरल्या, तर डॉली नाझीर व आरती साहा जलतरणात. आरती साहा तेव्हा अवघ्या ११ वर्षांची होती. पुढे इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई महिला म्हणून गाजली ती हीच. १९५१च्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटरची सुवर्णपदके जिंकणारा लेव्ही पिंटो १०० मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

हॉकीत १९२८पासून ऑलिंपिक सुवर्ण दुसऱ्या कोणाकडे गेलेच नव्हते. कुंवर दिग्विजयसिंग ‘बाबू’ यांच्या संघाने ऑस्ट्रियाला ४–० आणि ब्रिटनला ३–१ असे हरवले. २४ जुलैच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६–१ असा फडशा पाडला. त्या सहा गोलांपैकी पाच एकट्या बलबीरसिंग यांचे. ब्रिटनविरुद्धचे तिन्ही गोलही त्यांचेच होते. भारताचे हे ओळीने पाचवे हॉकी सुवर्ण.

फुटबॉलमध्ये मात्र दाणादाण उडाली. आदल्याच वर्षी दिल्लीत आशियाई विजेता ठरलेला शैलेन मन्ना यांचा संघ १५ जुलैला, म्हणजे उद्घाटनाच्याही आधी, युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा हरला. मध्यंतरालाच पाच गोल झाले होते. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी अगदी शेवटी केला. बरेच भारतीय खेळाडू अनवाणी खेळत होते. आपल्याकडच्या कोरड्या मैदानावर चालून जाणारी ही सवय थंड, ओलसर हेलसिंकीत नडली. अर्थात सगळा दोष पायांवर टाकणेही बरोबर नाही, कारण समोरच्या संघाने पुढे रौप्यपदक जिंकले. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

कुस्तीत बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात, कांस्यपदक मिळवणारे खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४) हे सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे. घरात कुस्तीची परंपरा, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. बेताच्या उंचीचा हा मल्ल चपळाईवर कुस्ती करी, आणि त्याचा ‘ढाक’ हा डाव प्रसिद्ध होता. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने जाऊन त्यांनी फ्लायवेटमध्ये सहावा क्रमांक मिळवला होता. लाल मातीत वाढलेल्या पैलवानाला मॅट तिथे जवळजवळ नवीनच होती.

हेलसिंकीच्या वेळी पैशांचा प्रश्न पुन्हा आला. खाशाबांनी गावोगाव वर्गणी मागितली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. कांस्यपदकाच्या या हिशेबात ती रक्कम धरायलाच हवी.

कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवून खाशाबा पुढे सरकले. जपानचे शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह यांनी त्यांना रोखले. इशिईंना सुवर्ण मिळाले, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य. मम्मदबेयोव्ह यांच्याशी झालेल्या लढतीची हकीकत कुस्तीशौकीन अजून हळहळत सांगतात. लांबलेल्या आधीच्या लढतीनंतर खाशाबांना लगेच मॅटवर बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता. २३ जुलैला पदक निश्चित झाले, हॉकीच्या सुवर्णाच्या एक दिवस आधी. फेदरवेट गटात केशव माणगावे यांचे पदक एका क्रमांकाने हुकले. ते चौथे आले. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही.

खाशाबांचे पदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला ४४ वर्षे थांबावे लागले. ते १९९६ साली अटलांटात टेनिसपटू लिअँडर पेस यांनी मिळवले. कराड स्थानकावर उतरलेल्या खाशाबांची शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गोळेश्वरपर्यंत पाठवणी झाली, आणि काही मिनिटांच्या वाटेला तास लागले. नंतर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवले.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ साल उजाडले: पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ते जिंकले. तेही कांस्यच.