नापासांचे साम्राज्य: चीनच्या केजू परीक्षेची पार्श्वभूमी

चीनच्या जुन्या सरकारी अधिकाऱ्याला युरोपीय लोक ‘मँडरिन’ म्हणत. शब्द ऐकायला चिनी वाटतो, पण तो निघाला आपल्याकडून. संस्कृतातला ‘मंत्री’ मलय भाषेत गेला, तिथून तो पोर्तुगीजांनी उचलला आणि चीनच्या किनाऱ्यावर भेटेल त्या बड्या माणसाला चिकटवला. चिनी लोक स्वतः अधिकाऱ्याला नुसते ‘ग्वान’ म्हणत. ग्वान व्हायचे कसे, याचे उत्तर चीनमधल्या शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक होते: परीक्षा द्यायची. ती देऊन ग्वान झालेले किती थोडे, हेही त्याला ठाऊक असे.

आजच्या चीनमध्ये बारावीनंतर ‘गाओकाओ’ ही प्रवेश परीक्षा होते. २०२४ साली तिला १ कोटी ३४ लाख मुलांनी नावे नोंदवली. तिच्यात पहिल्या येणाऱ्याला लोक अजूनही ‘झ्वांगयुआन’ म्हणतात. ही मूळची केजूतली, म्हणजे बादशाही नोकरीच्या परीक्षेतली, सर्वांत वरची पदवी. ती शेवटची दिली गेली १९०४ साली.

ज्याच्या नावाने हे सगळे उभे राहिले तो कन्फ्यूशियस स्वतः नोकरीच्या बाबतीत कमनशिबी होता. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकांत तो शिष्यांना घेऊन या राज्यातून त्या राज्यात हिंडला. त्याचा सल्ला मनापासून मानणारा राजा काही भेटला नाही. तो गेल्यावर साडेतीनशे वर्षांनी हान घराण्याच्या सम्राट वूने त्याच्या परंपरेतल्या पाच ग्रंथांचे अध्यापक दरबारी नेमले (इ.स.पू. १३६) आणि बारा वर्षांनी राजधानीत विद्यापीठ काढले. पहिली तुकडी होती ५० विद्यार्थ्यांची. राज्य चालवणाऱ्या माणसाला हे ग्रंथ आले पाहिजेत, ही कल्पना तिथे रुजली. नेमणुका मात्र मुख्यतः शिफारशीनेच होत राहिल्या.

शिफारस म्हटले की वशिला आलाच. इ.स. २२० मध्ये उमेदवारांची नऊ श्रेणींत वर्गवारी करायची पद्धत सुरू झाली. हेतू बहुधा चांगला होता. पण श्रेणी ठरवणारे मोठ्या घराण्यांतले, त्यामुळे वरच्या श्रेणीत गरिबाचे घर नाही आणि खालच्या श्रेणीत बड्याचे नाही, असे लोक उघड म्हणू लागले. सहाव्या शतकाच्या अखेरीस सुई घराण्याने ही पद्धत मोडली आणि लेखी परीक्षा आणली. त्यात समतेचा ध्यास होता असे मला वाटत नाही. सम्राटाला घराण्यांचे उपकार नसलेली, फक्त त्याचीच ऋणी असलेली माणसे हवी होती.

तांग काळात परीक्षा नावाजली, पण उत्तरपत्रिकेवर नाव दिसत असे. उमेदवार आधीच आपल्या कविता बड्या लोकांच्या घरी पोचवून ठेवत. ‘जिनशी’ या वरच्या परीक्षेबद्दल त्या काळी म्हणत की पन्नाशीत पास झाला तरी तो तरुणच.

खरी करामत केली सोंग घराण्याने. ९७३ साली मुख्य परीक्षक ली फांग याने आपल्या गाववाल्याला पास केल्याची तक्रार झाली. सम्राटाने उमेदवारांना राजवाड्यात बोलावून पुन्हा परीक्षा घेतली. तेव्हापासून शेवटची फेरी सम्राटासमोर होऊ लागली आणि पास होणारा प्रत्येक जण सम्राटाचा शिष्य ठरला. पुढे नाव झाकून पत्रिका मोहोरबंद करणे आले. तरी हस्ताक्षरावरून माणूस ओळखू येतोच. म्हणून प्रत्येक उत्तर कारकुनांकडून नव्याने उतरवून घेऊन ती नक्कल परीक्षकाला द्यायची, असे ठरले. नंतरच्या काळात उमेदवाराने काळ्या शाईत लिहिलेले कारकून लाल शाईत उतरवत. छापील बैठक क्रमांकाच्या कितीतरी आधीचा हा बंदोबस्त आहे.

तो किती पक्का होता, याचा एक किस्सा सांगतात. १०५७ साली ओउयांग शिउ मुख्य परीक्षक होता. एक निबंध त्याला पहिला ठेवण्याजोगा वाटला, पण हा आपलाच शिष्य झेंग गोंग याचा असणार अशी शंका आली. लोक बोलतील म्हणून त्याने तो दुसरा ठेवला. नाव उघडले तर तो सू शी नावाच्या एका तरुणाचा निघाला, जो पुढे चीनच्या थोर कवींत गणला गेला. त्याने निबंधात प्राचीन राजा याओच्या न्यायदानाचा एक दाखला दिला होता. हा कुठल्या ग्रंथात आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, तसेच घडले असणार असे मला वाटले! पुढच्या शतकांत एवढे धाडस कुणी केले असते तर पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

कारण दरम्यान अभ्यासक्रम गोठला. झू शी या बाराव्या शतकातल्या पंडिताने चार ग्रंथ निवडून त्यांवर भाष्य लिहिले. मंगोल युआन दरबाराने १३१३ साली ते परीक्षेसाठी नेमले आणि पुढची जवळजवळ सहाशे वर्षे त्याचाच अर्थ बरोबर धरला गेला. मिंग काळात त्यावर ‘आठ पायांचा निबंध’ बसला. विषय म्हणून ग्रंथातले एखादे वाक्य यायचे. पुढे मांडणी ठरलेली आणि मधले परिच्छेद जोडीजोडीने एकमेकांना समांतर. नवे वाक्य उरेना, तेव्हा परीक्षक एका वाक्याचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला जोडून विषय तयार करू लागले. या निबंधाची थट्टा चिनी लोकांनीच इतकी केली आहे की वेगळी करायला नको. पण हजारो पत्रिका थोड्या दिवसांत तपासणाऱ्या माणसाला चौकट लागतेच, आणि इतकी शतके ती टिकली ती त्या सोयीपायीच.

नाव झाकून सगळे प्रश्न सुटत नव्हते. १३९७ साली पास झालेले सगळेच्या सगळे दक्षिणेतले निघाले. दक्षिण सुपीक, तिथे शाळा नि छापखाने जास्त. फेरतपासणीतही निकाल तोच आला. मिंग सम्राट होंगवू खवळला. परीक्षकांपैकी काहींना प्राण गमवावे लागले, आणि दुसऱ्या यादीत सगळे उत्तरेचे आले. तपासणी प्रामाणिक असूनही निकाल राज्याला पेलणारा नसतो, हे कळल्यावर तीसेक वर्षांत उत्तर-दक्षिणेचा कोटा बांधून दिला गेला.

परीक्षेची जागा पाहायची तर नानजिंगचे परीक्षा संकुल पाहावे. छिंग या शेवटच्या घराण्याच्या काळात तिथे वीस हजारांवर खण होते, घुशीच्या बिळांसारखे रांगेने. दाराऐवजी उघडी बाजू आणि आत दोन फळ्या: एक बसायला, एक लिहायला, रात्री दोन्ही एका पातळीवर सरकवल्या की झाला पलंग, पण पाय पसरायची सोय नाही. उमेदवार टोपलीत शाई, ब्रश, मेणबत्त्या, खाणे आणि लघवीचे भांडे घेऊन यायचा. दारावर कपडे चाचपून झडती होई, कारण अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथ लिहून आणणारे होते. तशी कापडे आजही संग्रहालयांत आहेत. प्रांताची परीक्षा तीन सत्रांची, प्रत्येक सत्रासाठी दोन-दोन रात्री आत. तिसरे सत्र आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येई. बाहेर घरोघर चंद्राचा सण, आणि हे आपापल्या खणात वाकलेले.

आता हिशेब पाहू. छिंग घराण्याच्या २६० वर्षांत जिनशी झाले सुमारे २६ हजार, म्हणजे वर्षाला सरासरी शंभर. देशाची लोकसंख्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ४० कोटींवर होती. म्हणजे ही परीक्षा मुळात नापास करण्याचे यंत्र होते. बायकांना तर दारच बंद होते; नट आणि कचेरीतले शिपाई यांच्या मुलांनाही. पैसे भरून खालची पदवी विकत मिळे ती वेगळीच.

तरी या नापासांकडे नीट पाहिल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. चार लाखांवर अक्षरे पाठ केलेला माणूस गावी परतला की पंतोजी होई, वैद्यकी करी, लोकांचे अर्ज-करार लिहून देई. सर्वांत खालची पदवी मिळालेल्याला सरकारी वेठबिगार माफ होती आणि स्थानिक अधिकारी त्याला सहज फटके मारू शकत नसे. अशा लाखो अर्धशिक्षित-अर्धसरकारी माणसांमुळे मूठभर अधिकाऱ्यांना एवढा देश चालवता येत होता. पुढच्या खेपेला निघेल, या आशेवर ते व्यवस्थेला धरून राहत.

सगळेच राहिले नाहीत. ग्वांगझोऊजवळचा होंग शिउच्युआन चार वेळा नापास झाला. १८३७ च्या अपयशानंतर तो आजारी पडला, त्याला दृष्टांत होऊ लागले; १८४३ नंतर ख्रिस्ती पत्रके वाचून आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत अशी त्याची खात्री पटली. त्याच्या ताइपिंग बंडात किमान दोन कोटी माणसे मेली असावीत. १८५३ मध्ये त्याने नानजिंग घेतले, राजधानी केली आणि तिथे स्वतःच्या धर्मग्रंथांवर परीक्षा सुरू केल्या! बंड मोडणारा झेंग ग्वोफानही आधी अनेकदा नापास झालेलाच. १८६४ च्या उन्हाळ्यात शहर पडले आणि त्याच वर्षी त्याने तिथे पुन्हा केजू भरवली.

याच सुमारास ब्रिटनमध्ये सरकारी नोकऱ्या स्पर्धेने भराव्यात का, यावर वाद चालू होता आणि त्यात चीनचे नाव वारंवार येत होते. विरोधक ते टोमण्यासारखे घेत. १८५५ साली लंडनमध्ये भारताच्या नागरी सेवेची पहिली स्पर्धा परीक्षा झाली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत ‘कितवा अटेम्प्ट?’ हा प्रश्न पोचला तो त्याच वाटेने.

चीनमध्ये मात्र १८९५ ला जपानकडून हार पत्करल्यावर ग्रंथांवरचा विश्वास उडाला. १९०१ मध्ये आठ पायांचा निबंध गेला. बीजिंगचे परीक्षा संकुल १९०० च्या बॉक्सर बंडाच्या धुमाळीत उद्ध्वस्त झाल्याने राजधानीतली फेरी काइफेंगला न्यावी लागली. २ सप्टेंबर १९०५ रोजी युआन शिकाय, झांग झिदोंग यांच्यासारख्या सुभेदारांच्या आग्रहाने केजू बंद झाली. साडेसहा वर्षांत बादशाहीही गेली.

शान्शी प्रांतातला लिऊ दापेंग १८९४ ला प्रांताची परीक्षा पास झाला होता. वरच्या परीक्षेसाठी त्याने तीन खेपा केल्या, शेवटची काइफेंगला, आणि हात हलवत परतला. एका श्रीमंत घरात तो मुलांना शिकवत असे आणि रोज डायरी लिहीत असे. परीक्षा बंद झाल्याची बातमी पोचल्यावर त्याने लिहिले की पहाटे उठलो तेव्हा मन विझलेल्या राखेसारखे झाले होते. पुढे त्याची शिकवणी सुटली. तो शेती करू लागला, काही काळ जवळच्या कोळशाच्या खाणींचा कारभार पाहिला. डायरी मात्र त्याने १९४२ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही.